अठ्ठावीस दिवसांत दोनशे तास: काणकोणातल्या एका योग-शिक्षक प्रशिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पाऊस सरला की दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्याच्या किनाऱ्यावर, आगोंद, पाळोळे, पाटणे या पट्ट्यात, झोपड्या उभ्या राहू लागतात. लाकडी सांगाडा, प्लायवूडच्या भिंती, वर झावळ्या. पुढच्या पावसाआधी हे सगळं उतरवायचं असतं. या मधल्या महिन्यांतच इथे परदेशी पाहुण्यांसाठी दोनशे तासांचे योग-शिक्षक अभ्यासक्रम चालतात. शिकवणारे बहुतेक भारतीय, शिकणारे बहुतेक युरोपातले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा दवाखाना मडगावकडे आहे आणि हंगामात यातल्या काही ठिकाणी शरीररचनेचे तास घेते. हे प्रकरण अशाच एका वर्गातलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि विद्यार्थिनीला विचारूनच लिहिते आहे.

आधी हा ‘दोनशे’ आकडा कुठून आला ते सांगते, कारण पुढचे सगळे पेच त्याच्याभोवती आहेत. योगा अलायन्स ही अमेरिकेतली संस्था १९९९ सालची. ती शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते. ही नोंद म्हणजे सरकारी परवाना नव्हे, पण जगभरच्या स्टुडिओंमध्ये ‘आरवायटी २००’ (दोनशे तास शिकलेला नोंदणीकृत योगशिक्षक) ही अक्षरं ओळखीची झाली आहेत. नोंदणीकृत शाळेने कोणत्या विषयाला किमान किती तास द्यायचे हेही ठरलेलं आहे: तंत्र, प्रशिक्षण आणि सराव मिळून ७५, शरीररचना ३०, तत्त्वज्ञान-इतिहास ३०, अध्यापन आणि व्यावसायिक बाजू ५०. उरलेले १५ तास शाळेच्या मर्जीचे. हे तास किती दिवसांत बसवायचे, ते व्यवहारात विमानाचं तिकीट आणि रजेचा अर्ज ठरवतात.

विद्यार्थिनी उत्तर जर्मनीतली, चाळिशी ओलांडलेली, हिशेबाच्या कामात दिवसभर खुर्चीवर. आठ वर्षं स्टुडिओत योग करत होती, शिवाय पळायची. साठवलेली पाच आठवड्यांची रजा घेऊन ती आली होती. तिकडचे चांगले अभ्यासक्रम शनिवार-रविवार धरून दीड-दोन वर्षं चालतात. तेवढी वाट पाहायची नव्हती, आणि ‘जिथलं आहे तिथे जाऊन शिकावं’ ही ओढही खरी होती. तीस दिवसांचा ई-पर्यटन व्हिसा घेतला होता. तो अल्पमुदतीच्या योगवर्गाला चालतो, पण वाढवून मिळत नाही. शुल्क पूर्ण भरलेलं, परतावा नाही. परतीचं तिकीट अभ्यासक्रम संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

वेळापत्रक असं होतं. सकाळी साडेसहाला पाऊण तास प्राणायाम, मग दोन तास आसनं. अकरापासून तत्त्वज्ञान आणि शरीररचना, सव्वा-सव्वा तास. दुपारी दीड तास आसनांची तंत्रं. संध्याकाळी पुन्हा दीड तास आसनं आणि शेवटी पाऊण तास ध्यान. म्हणजे दिवसाचे नऊ तास. शनिवारी पाच, रविवारी सुट्टी. चार आठवड्यांत २० पूर्ण दिवस आणि ४ अर्धे, बरोबर २००. कागदावर कुठेही खोट नाही.

आता तिच्या शरीराच्या बाजूने तोच कागद वाचू. घरी ती आठवड्यातून तीन वेळा, सव्वा-सव्वा तासाचे वर्ग करायची. आठवड्याला पावणेचार तास. इथे पहिल्याच आठवड्यात आसनांचे साडेएकोणीस तास झाले. पळणाऱ्या माणसाने आपलं अंतर एका आठवड्यात पाचपट केलं तर त्याला कुणीही वेड्यात काढेल. योगाच्या बाबतीत तीच गोष्ट ‘सखोल अनुभव’ म्हणून माहितीपत्रकात छापली जाते.

अडचण कशी वाढत गेली

शाळेच्या अर्जात एक रकाना होता: ‘काही दुखापत आहे का?’ तिने तो कोरा ठेवला. खोटं बोलावं असा हेतू नव्हता. लांब पळून आल्यावर, किंवा गाडीत तासभर बसल्यावर, उजव्या नितंबाच्या तळाशी काहीतरी बोचायचं. दोन दिवसांत जायचं. याला दुखापत म्हणतात हे तिच्या मनातही आलं नाही.

वर्गात अष्टांग विन्यासाची पहिली मालिका शिकवत. परंपरेत या मालिकेचं नाव योगचिकित्सा आहे, आणि तिच्यात पुढे वाकण्याच्या आसनांचा भरणा आहे. सूर्यनमस्काराचे पाच ‘अ’ आणि पाच ‘ब’ झाले तरी वीस उत्तानासनं होतात. त्यानंतर पादांगुष्ठासन, पादहस्तासन, प्रसारित पादोत्तानासनाचे चार प्रकार, पार्श्वोत्तानासन. बसून पश्चिमोत्तानासन, जानुशीर्षासनाचे तीन प्रकार, पुढे कूर्मासन. म्हैसूरच्या, म्हणजे ही मालिका जिथून आली तिथल्या, जुन्या पद्धतीत एक आसन बसल्याशिवाय पुढचं मिळत नसे. त्यात महिने, कधी वर्षं जात, आठवड्यातून एक दिवस आणि अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी असे. चार आठवड्यांच्या वर्गात मालिका संपूर्ण दिली जाते, कारण लोक तीच शिकायला आलेले असतात. मालिका जुनी राहिली, तिचा वेग तेवढा बदलला. माझ्या मते या प्रकरणाची मुळं या एका बदलात आहेत.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच अंग आंबलं होतं, त्यात तिचं दुखणं वेगळं उठून दिसलं नाही. दुसऱ्या सोमवारी तिला जुलाब लागले. वर्गात तिघांना लागले होते. मंगळवारी बाजारातल्या औषधाच्या दुकानातून तिने गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. बुधवारी बरं वाटलं, ती वर्गात परतली. आता बैठकीच्या हाडाशी दुखणं ठळक झालं होतं. तिने मुख्य शिक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, “उघडतंय. श्वास सोड आणि तिथेच थांब.”

शिक्षक वाईट माणूस नाहीत. विशीच्या आतच त्यांचं शरीर या आसनांत घडलेलं आहे आणि त्यांच्या अनुभवात ताण धरून ठेवला की खरोखरच सुटतो. पोटरीच्या वर, मांडीच्या मध्यावर ओढ लागली तर त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा ठीकच ठरतं. हाडाला जिथे कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) चिकटते तिथे एका बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल तर ते लागू पडत नाही. हा फरक शिकायला पाच मिनिटं पुरतात, पण त्या वर्गात तो शरीररचनेच्या तासाला, तिसऱ्या आठवड्यात, शिकवायचा होता.

शुक्रवारी सकाळी पश्चिमोत्तानासनात शिक्षकांनी पाठीवर तळवे ठेवून तिला आणखी खाली नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं होतं की हात लावलेला कुणाला नको असेल तर हात वर करा. बावीस अनोळखी लोकांसमोर कुणी केला नव्हता. तिला कळ आली, ती ओरडली नाही, शवासनापर्यंत तशीच थांबली. नाश्त्याला बाकावर बसवेना, तेव्हा व्यवस्थापिकेच्या लक्षात आलं. ही मुलगी कुडाळची, वयाने लहान पण नजर पक्की. मी तासाला पोचले तशी दारातच म्हणाली, “डॉक्टर, शिकवायच्या आधी हिला जरा बघता का? मघापासून उभ्यानेच चहा पितेय.”

तपासणीत काय दिसलं

पहिली भीती कंडरा हाडापासून सुटल्याची असते. तसं होताना बहुतेकदा ‘फट्’ झाल्यासारखं जाणवतं, एक-दोन दिवसांत मांडीमागे काळंनिळं पडतं, चालताना पाय धड टाकवत नाही. यातलं काही नव्हतं. गुडघा दुमडायची ताकद दोन्ही बाजूंना जवळपास सारखी होती. मुंग्या नाहीत, पाठ वाकवून पाय सरळ केल्यावर पोटरीपर्यंत जाणारी कळ नाही, त्यामुळे शिरेचा भाग मागे पडला. पाठीवर झोपवून नितंब पूर्ण दुमडला आणि मग गुडघा हळूहळू सरळ केला, तेव्हा मात्र नेमक्या त्या हाडाशी दुखलं. बोटाने दाबल्यावरही तिथेच.

ही मांडीमागच्या स्नायूंच्या वरच्या टोकाची कंडराविकृती. आपण पुढे वाकतो तेव्हा ही कंडरा नुसती ताणली जात नाही, बैठकीच्या हाडावर दाबलीही जाते. विहिरीच्या काठावर घासणाऱ्या दोरासारखं. म्हणून ‘आणखी ताण दे’ हा सल्ला इथे उलटा पडतो. दर दिवशी साडेतीन तास वाकायचं आणि उरलेले तास त्याच हाडावर, टणक लादीवर, मांडी घालून व्याख्यानं ऐकायची. कंडरेला विसावा कुठेच नव्हता.

मग सहज विचारावं तसं विचारलं की जुलाबावर काय घेतलंस. तिने पिशवीतून पाकीट काढलं. नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल, आपल्याकडे घराघरात सापडणारी जोडगोळी. त्यातल्या सहा गोळ्या घेऊन झाल्या होत्या.

इथे प्रकरणाला वेगळं वळण लागलं. नॉरफ्लॉक्सासिन हे फ्लुरोक्विनोलोन गटातलं प्रतिजैविक. या गटाच्या औषधांनी कंडरेला सूज येऊ शकते, क्वचित ती तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये यासाठी औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा सक्तीचा केला आणि युरोपीय नियामकाने २०१८ मध्ये वापरावर मर्यादा आणल्या. टाचेच्या कंडरेला सर्वाधिक धोका असतो, पण इतर कंडरा सुटतात असं नाही, आणि परिणाम औषध थांबवल्यावर आठवडे-महिने राहू शकतो. दुखणं गोळीच्या आधीपासूनचं होतं, त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकणं चूक ठरलं असतं. पण एरवी मी ‘चार दिवस विसावा, मग हळूहळू सुरुवात’ म्हटलं असतं, तो पर्याय या सहा गोळ्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

समोरचे पर्याय

त्या दुपारी ती, व्यवस्थापिका, मुख्य शिक्षक आणि मी असे चौघं बसलो. ती अर्थात उभी होती.

घरी परतणं हा सर्वांत सरळ मार्ग. तिकीट बदलायचा खर्च, शुल्क बुडालेलं, रजा गेलेली. शिवाय लांबचा विमानप्रवास म्हणजे पुन्हा तासन्‌तास त्याच हाडावर बसणं, तेही दुखणं सर्वांत ताजं असताना. वैद्यकीय दृष्टीने ताबडतोब निघण्याची निकड नव्हती.

वेदनाशामक घेऊन पुढे रेटणं हा तिचा स्वतःचा पहिला कल होता. तिच्याजवळ आयबुप्रोफेन होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ते मूत्रपिंडालाही बरं नाही, आणि वेदना बुजवून वाकत राहणं म्हणजे धोक्याची घंटाच काढून टाकणं.

आठवडाभर विसावा घेऊन परत सरावात येणं शिक्षकांना पटत होतं. गोळ्यांची गोष्ट नसती तर मीही कदाचित मान डोलावली असती.

आता थांबायचं आणि उरलेला भाग पुढच्या तुकडीबरोबर पूर्ण करायचा, हे सुचवलं व्यवस्थापिकेने. उदार सूचना होती. पण व्हिसा तीस दिवसांचा, न वाढणारा. पुन्हा यायचं तर नवीन व्हिसा, नवीन तिकीट आणि मुख्य म्हणजे नवी रजा. वर्षभराच्या मुदतीचा ई-व्हिसाही मिळतो, पण तो आधी घ्यायचा असतो.

उरला पाचवा: वर्गात राहायचं, सराव करायचा नाही. यावर शिक्षकांचा आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. “जिने मालिका केलीच नाही, ती शिकवणार काय?” शाळेचीही अडचण होती. तास अपुरे असताना प्रमाणपत्र दिलं तर शाळेची नोंदणी धोक्यात. प्रमाणपत्र नाही दिलं तर विद्यार्थिनी नाराज, आणि या धंद्यात एका नाराज पाहुणीचा अभिप्राय पुढच्या हंगामाच्या चार जागा रिकाम्या ठेवू शकतो. व्यवस्थापिका हे उघड बोलली, ते बरं झालं.

निर्णय आणि कृती

निर्णय सोपा झाला तो हिशेबाने. त्यांच्या वहीतले तास आम्ही विषयवार मांडले. त्या शुक्रवारपर्यंत तिचे आसनसराव, प्राणायाम आणि ध्यान मिळून साधारण ४७ तास भरले होते. पुढचे प्राणायाम-ध्यानाचे तास ती बसून, खरं तर झोपून, करू शकत होती: अठराच्या आसपास. दुपारच्या तंत्रवर्गाचे सोळा-साडेसोळा. बेरीज ८० च्या पुढे. किमान ७५ ची अट पुढे एकदाही न वाकता पूर्ण होत होती. शाळेने आसनसराव अटीपेक्षा बराच जास्त ठेवला होता, कारण पाहुण्यांना तो आवडतो. आणि आसनवर्गात ती वही घेऊन निरीक्षण करेल ते तास अध्यापनात धरायचे. कोण कुठे वाकतो, कुणाचा गुडघा आत जातो, शिक्षक कोणत्या क्षणी बोलतात, हे पाहणं अध्यापनाचंच शिक्षण आहे.

शिक्षकांनी दोन अटी घातल्या. रोज निरीक्षणाचं एक पान त्यांना दाखवायचं. शेवटची एक तासाची अध्यापन परीक्षा मात्र सगळ्यांसारखीच द्यायची. मला दोन्ही योग्य वाटल्या.

संध्याकाळी तिला काणकोणातल्या डॉक्टरांकडे नेलं. जुलाब थांबलेच होते, त्यांनी गोळ्या बंद करून क्षारसंजीवनीवर (ओआरएस) ठेवलं आणि निदान, औषधाचं नाव, तारखा असं सगळं लेटरहेडवर लिहून दिलं. हा कागद पुढे तिच्या प्रवासविम्याला लागला. मडगावला जाऊन एमआरआय करायचा का, यावर थोडी चर्चा झाली. ताकद टिकून होती, काळंनिळं नव्हतं, अहवालाने लगेच काही बदलणार नव्हतं. तो थांबवला.

सर्वांत तातडीचा प्रश्न बसण्याचा होता. नरम उशीवरही ते हाड रुततं. व्यवस्थापिकेने एक जुनी गादी काढली, फोमचा जाड चौकोन कापला आणि मी सांगितलं तिथे मागच्या कडेला उजवीकडे अर्धगोल खाच पाडली. हाड खाचेत अधांतरी, भार मांडीवर. स्वयंपाकघरातल्या सुरीने कापल्यामुळे कडा ओबडधोबड होत्या. तिने त्यावर एक लुंगी शिवून घेतली. तत्त्वज्ञानाचे तास तिने त्यावर किंवा पालथं झोपून ऐकले.

व्यायाम म्हणजे सुरुवातीला एकच. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर उचलून तीस सेकंद स्थिर धरायची. पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. सेतुबंधासनाचंच साधं रूप, पण छाती हनुवटीला लावायची घाई नाही. नियम असा की दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर बसून पाहायचं. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर आजचा भार कमी. ताणणं पूर्ण बंद, पायाला पट्टा अडकवून झोपून ताणणंही बंद. हे शेवटचं पटवायला मला सर्वांत जास्त बोलावं लागलं. योग करणाऱ्या माणसाला दुखऱ्या जागी ताण देऊ नको म्हणणं म्हणजे कोकणी माणसाला आमटीत खोबरं घालू नको म्हणण्याइतकं अवघड.

पुढे काय झालं

तिसरा आठवडा तिला जड गेला. शरीराने नव्हे. समोर एकवीस जण घाम गाळतायत आणि आपण भिंतीला टेकून वही लिहितोय. एके दिवशी तुकडीने किनाऱ्यावर हनुमानासनात छायाचित्रं काढली, तेव्हा कॅमेरा तिच्या हातात होता. त्या संध्याकाळी ती ध्यानाला आली नाही आणि ते कुणी विचारलंही नाही. या अभ्यासक्रमांत झोप, जेवण, मैत्री सगळं सरावाभोवती गुंफलेलं असतं. सराव सुटला की माणूस एकदम पाहुणा होतो. हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

निरीक्षणाची पानं सुरुवातीला रटाळ होती: कुणी काय केलं याची यादी. हळूहळू त्यांत प्रश्न येऊ लागले. एका पानावर तिने लिहिलं होतं की शिक्षक ‘श्वास घ्या’ म्हणतात तेव्हा अर्धा वर्ग अजून आधीच्या आसनातून बाहेर येत असतो. शिक्षकांनी ते पान दोनदा वाचलं आणि पुढच्या दिवशी वेग थोडा कमी केला. एवढंच, त्यावर काही बोलले नाहीत.

परीक्षेची पहिली तालीम फसली. आसन करून न दाखवता केवळ शब्दांनी एक तास चालवायचा होता. ती वर्गाकडे तोंड करून उभी, तिचा उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला, सूचना गोंधळल्या आणि अर्धा वर्ग एकीकडे, अर्धा दुसरीकडे वळला. दुसऱ्या तालमीत तिने उजवं-डावं सोडून ‘समुद्राकडचा पाय’, ‘स्वयंपाकघराकडचा पाय’ असं म्हणायला सुरुवात केली. परीक्षा त्यावर निभावली, उत्तम नव्हे पण चांगली. प्रमाणपत्र मिळालं.

विमानात तिने आतल्या वाटेजवळची जागा मागून घेतली, खाचेचा फोम बरोबर नेला आणि मधूनमधून उभी राहिली. घरी पोचल्यावर एमआरआय झाला. कंडरा जाड झालेली, हाडाजवळ छोटीशी चीर. तिथल्या फिजिओथेरपिस्टने व्यायाम पुढे नेला: टाचा लांब ठेवून, मग एका पायावर, मग व्यायामशाळेत वजन घेऊन. दुखल्याशिवाय तासभर बसता यायला चार-पाच महिने लागले. पळणं त्याहून उशिरा सुरू झालं.

प्रमाणपत्राचा उपयोग? जर्मनीत आरोग्य विमा निधी प्रतिबंधात्मक वर्गांच्या शुल्काचा काही भाग परत देतात, आणि पुष्कळ लोक असेच वर्ग शोधतात. त्यासाठी शिक्षकाची पात्रता एका मध्यवर्ती तपासणीतून जावी लागते, आणि चार आठवड्यांचं दोनशे तासांचं प्रमाणपत्र तिथे एकट्याने पुरत नाही. ही गोष्ट तिला परतल्यावर कळली. सध्या ती कचेरीतल्या सहकाऱ्यांना दुपारी शिकवते, बहुतेक खुर्चीवर. शिवाय आपल्याच शहरातल्या दोन वर्षांच्या त्या शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाला तिने नाव घातलंय.

वेगळं काय करता आलं असतं

अर्जातला प्रश्न बदलायला हवा होता. ‘दुखापत आहे का’ याला लोक ‘नाही’ लिहितात. ‘बसताना, पळताना, वाकताना कुठे दुखतं का’ विचारलं की लिहितात. शाळेने तो आता तसा केला आहे, आणि जोडीला ‘आठवड्याला किती तास सराव करता’ हाही. ज्यांचं उत्तर पाच तासांच्या आत येतं त्यांना यायच्या दोन महिने आधीपासून सराव हळूहळू वाढवायला सांगतात. कितीजण ऐकतात ते व्यवस्थापिकेलाच ठाऊक.

संध्याकाळचा आसनवर्ग पहिल्या दोन आठवड्यांत एकाआड एक दिवस ठेवला तरी ७५ तासांची अट मोडत नाही. हे त्याच वहीतून दिसलं. शाळेने अर्धं मानलं: आता बुधवारी संध्याकाळी आसनांऐवजी योगनिद्रा असते. पहिली मालिका तेवढीच, पूर्ण. ती कमी केली तर पाहुणे शेजारच्या शाळेत जातील, असं ते म्हणतात आणि मला ते खोटं वाटत नाही.

शरीररचनेत ‘कोणतं दुखणं चालेल, कोणतं नाही’ हा भाग मी पहिल्या मंगळवारी आणला आहे. स्नायूंची लॅटिन नावं मागाहून शिकली तरी चालतात. जुलाबाच्या गोळ्यांबद्दलही त्याच तासाला बोलते: दुकानातून आपणहून प्रतिजैविक आणायचं नाही, आधी क्षारसंजीवनी, ताप किंवा रक्त दिसलं तर डॉक्टर, आणि डॉक्टरांना आवर्जून सांगायचं की मी रोज कित्येक तास आसनं करते आहे.

येणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दोन गोष्टी स्वस्तात झाल्या असत्या. व्हिसा जास्त मुदतीचा आणि परतीआधी चार-पाच दिवस मोकळे ठेवले असते, तर चौथा पर्याय निदान बोलण्यापुरता तरी उरला असता. दुसरं, आपल्या देशात या प्रमाणपत्रावर नेमकं काय करता येतं हे पैसे भरण्याआधी विचारायचं. सुट्टीत एक महिना योगात बुडून जायचं असेल तर हा अभ्यासक्रम चांगलाच आहे. पोटापाण्याचा विचार असेल तर लांब पल्ल्याचा मार्ग धरावा, तो तिकडेही आहे आणि इकडेही.

हात लावण्याच्या संमतीवर मात्र आमचं पूर्ण जमलेलं नाही. मी सुचवलं होतं की पुढे वाकण्याच्या आसनांत पाठीवर दाब द्यायचाच नाही. शिक्षकांचं म्हणणं, योग्य हात शंभर शब्दांचं काम करतो, आणि त्यांच्या गुरूंनी त्यांना तसंच शिकवलं. मधला मार्ग म्हणून करवंटीच्या चकत्या आल्या: प्रत्येकाच्या चटईच्या कोपऱ्यावर एक, उताणी असेल तर हात चालेल, पालथी असेल तर नको, आणि वर्ग चालू असतानाही उलटता येते. गेल्या तुकडीत पहिल्या दिवशी दोन पालथ्या होत्या, तिसऱ्या आठवड्यात नऊ. शिक्षकांनी मोजल्या नव्हत्या. व्यवस्थापिकेने मोजल्या आणि त्यांना सांगितलं. उरलेल्यांच्या पाठीवर ते अजूनही तळवे ठेवतात.